‘गाणं लाव’ म्हटल्यावर फोन नेमकं काय ऐकतो? मराठीत बोलून गाणी लावण्याची सोय आणि तिथला घोळ

पालमच्या शिवारात ट्रॅक्टर चालवणाऱ्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात. कापूस वेचणारीचे हात बोंडांत गुंतलेले असतात. भाकरी थापणारीच्या हातांना पीठ लागलेलं असतं. गाणं मात्र तिघांनाही ऐकायचं असतं. अशा वेळी फोनला हात न लावता ‘ओके गूगल, अमुक गाणं लाव’ असं म्हणता येणं ही मोठी सोय आहे.

पण हे करून पाहिलेल्यांना पुढचा प्रकारही ठाऊक असेल. मराठी गाणं मागितलं की हिंदी लागतं. अभंग मागितला तर भलत्याच गायकाचा येतो. गाण्याचं अ‍ॅप सोडून यूट्यूबचा व्हिडिओ उघडतो आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘नीट बोल, त्याला आपलं बोलणं कळत नाही.’

आपलं बोलणं त्याला कळत नाही, हे अर्धंच खरं आहे. मराठी ऐकून ती अक्षरांत उतरवायला फोन आता बऱ्यापैकी शिकला आहे. खरा घोळ त्यानंतर होतो, ऐकलेलं नाव गाण्यांच्या यादीत शोधताना. ही यादी मराठीत लिहिलेली नसते.

तोंडातून निघालेलं वाक्य जातं कुठे?

फोनमधला एक छोटा प्रोग्रॅम फक्त ‘ओके गूगल’ किंवा ‘हे गूगल’ एवढ्या शब्दांची वाट पाहत असतो. ते ऐकू आले की पुढचं बोलणं साधारणपणे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. तिथे आवाजाचं रूपांतर अक्षरांत होतं. मग त्या वाक्याचे तुकडे पडतात. ‘लाव’, ‘वाजव’, ‘ऐकव’ म्हणजे हुकूम. उरलेल्या शब्दांत गाणं कोणतं, गायक कोण, सिनेमा कुठला, हे शोधायचं. शेवटी ते नाव यूट्यूब म्युझिक, स्पॉटिफाय किंवा जिओसावन यांपैकी तुम्ही जे अ‍ॅप ठरवून दिलं असेल त्याच्या यादीत शोधलं जातं आणि सापडलं तर गाणं सुरू होतं.

यातली पहिली पायरी ट्रॅक्टरवर हमखास फसते, कारण इंजिनाच्या आवाजात माइकला शब्द वेगळे काढता येत नाहीत. तिथे तारेच्या इअरफोनचा माइक तोंडाजवळ धरणं हाच साधा उपाय. (ट्रॅक्टर चालू असताना हे प्रयोग करू नयेत, हे वेगळं सांगायला नको.) घरात, गोठ्यात, दुकानात ही पायरी सहसा पार पडते. अडतं ते शेवटच्या पायरीवर.

शेवटची पायरी इतकी अवघड का, हे कळायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. मराठीत बोलून यंत्राकडून काही मागवण्याचा एक गंभीर प्रयत्न गाण्यांसाठी नाही, शेतमालाच्या भावासाठी झाला होता. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या मदतीने सहा भारतीय भाषांत अशी यंत्रणा उभी करण्याचं काम चाललं होतं. मराठीची बाजू मुंबईतल्या आयआयटी आणि टीआयएफआर या संस्थांकडे होती. शेतकऱ्याने फोन करायचा, पिकाचं नाव सांगायचं, बाजारपेठ सांगायची आणि यंत्राने भाव सांगायचा. त्यासाठी महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या लोकांचे आवाज गोळा केले गेले.

तिथे यंत्राला एक मोठी सवलत होती. पिकांची नावं मोजकी, बाजारपेठाही मोजक्या. ऐकू आलेला शब्द या यादीतलाच काहीतरी असणार हे आधीच ठरलेलं. ‘सोयाबीन’ अर्धवट ऐकू आलं तरी दुसरं काय असणार? गाण्यांचं तसं नाही. एकट्या स्पॉटिफायच्या यादीत १० कोटींहून जास्त गाणी आहेत आणि त्यात जगातल्या असंख्य भाषा आहेत. अर्धवट ऐकलेल्या नावाला जुळणारं तिथे नेहमीच काहीतरी सापडतं. म्हणूनच फोन ‘सापडलं नाही’ न म्हणता भलतंच गाणं लावून मोकळा होतो.

मराठीची सोय कधी आली?

गूगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी ऑगस्ट २०१७ मध्ये आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गूगल असिस्टंट जिओफोनवर आला, पण तो हिंदी आणि इंग्रजीत. असिस्टंटशी मराठीत बोलण्याची सोय ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झाली. गूगलचा नवा मदतनीस जेमिनी जून २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘जेमिनी लाइव्ह’ या गप्पांच्या सोयीतही मराठी येणार असल्याचं सांगितलं गेलं. फोनवरचा जुना असिस्टंट हटवून त्याजागी जेमिनी आणणार, असं गूगलने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे एकाच घरातल्या दोन फोनवर दोन वेगळे मदतनीस असू शकतात आणि एकावर चालणारं वाक्य दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

अ‍ॅमेझॉनची अलेक्सा भारतात २०१७ मध्ये आली, हिंदी २०१९ मध्ये शिकली. मराठी गाणी ती लावते, पण तिच्याशी बोलायचं ते हिंदीत किंवा इंग्रजीत. आयफोनच्या सिरीला २०२४च्या आयओएस १८ पासून भारतीय इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं समजतं.

२०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांहून जास्त लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली होती. एवढ्या मोठ्या भाषेला मिळालेली ही सोय उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आलेली आहे.

रोमन लिपीची भानगड

आता मूळ मुद्दा. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये बहुतेक मराठी गाण्यांची नावं इंग्रजी अक्षरांत, म्हणजे रोमन लिपीत भरलेली असतात. ती भरताना कुठलाही एक नियम पाळलेला नसतो. ज्या कंपनीने गाणं चढवलं, तिथल्या माणसाने जसं सुचलं तसं लिहिलं.

‘माझे’ हा साधा शब्द घ्या. तो कुठे ‘एम-ए-जे-एच-ई’, कुठे ‘एम-ए-झेड-ई’, तर कुठे मध्ये आणखी एक ‘ए’ घालून लिहिलेला आढळतो. ‘विठ्ठल’मध्ये एक ‘टी’ की दोन, त्यानंतर ‘एच’ एकदा की दोनदा, यावरही एकमत नाही. ‘ज्ञानेश्वर’ तर आणखी मजेशीर आहे. मराठी माणूस ते ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, हिंदी माणूस ‘जी-वाय’ने आणि संस्कृतची वळणं पाळणारे ‘जे-एन’ने. माउली एकच, पण यादीत तीन दारं.

त्यात मराठीच्या खास खोडी आहेत. ‘च’ आणि ‘ज’ आपण दोन प्रकारे उच्चारतो. ‘चहा’मधला च वेगळा, ‘चमचा’मधला वेगळा. लिहिताना अक्षर तेच. ‘ळ’ला रोमनमध्ये स्वतंत्र अक्षरच नाही, तो ‘एल’मध्ये विरघळतो आणि ‘टाळ’चा ‘टाल’ होतो. अलेक्साशी हिंदीत बोलताना तर ‘ळ’ आधीच गळतो, कारण हिंदीच्या रोजच्या वापरात तो नाही. फोनची भाषा इंग्रजी असेल तर त्याहून वाईट. तो प्रत्येक शब्द इंग्रजी शब्दकोशात बसवायला बघतो, तेव्हा ‘विठ्ठल’चा ‘व्हायटल’ झाला तर नवल नाही.

पूर्वी आकाशवाणीच्या ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांना लोक कार्ड पाठवून फर्माईश करायचे. कार्डावर गाण्याचं नाव चुकलं, गायकाचं नाव अर्धंच लिहिलं, तरी वाचणारा माणूस होता. त्याला गाणं ओळखता यायचं. आज फर्माईश पाठवायला आठवडा नाही, दोन सेकंद लागतात. पण ती वाचणाऱ्याला गाणं माहीत नसतं, फक्त स्पेलिंग माहीत असतं.

याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याला रोमन लिपी येते तो वैतागून शेवटी टाइप करतो आणि गाणं मिळवतो. ज्या आजीला रोमन अक्षरं ओळखू येत नाहीत किंवा ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी बोलणं हा हौसेचा मार्ग नसतो. अनेकदा तोच एक मार्ग असतो. आवाजाची सोय ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त गरजेची, त्यांच्यापाशीच ती सगळ्यात जास्त अडखळते.

एक झिंगाट, तीन भाषा

सगळा दोष स्पेलिंगचाही नाही. काही वेळा नाव बरोबर ऐकलेलं असतं, यादीत सापडलेलंही असतं, पण त्या नावाची गाणीच अनेक असतात.

‘सैराट’ एप्रिल २०१६ मध्ये आला आणि अजय-अतुल यांचं ‘झिंगाट’ गावोगावच्या वरातींत घुसलं. २०१७ मध्ये ‘मनसु मल्लिगे’ हा त्याचा कन्नड अवतार आला. २०१८ मध्ये ‘धडक’ हा हिंदी अवतार आला आणि त्यात हेच गाणं हिंदी शब्दांसह होतं, संगीतही पुन्हा अजय-अतुल यांचंच. आता पालममधल्या कुणी ‘झिंगाट लाव’ म्हटलं तर फोनने कोणतं लावायचं? ऐकणाऱ्याला उत्तर उघड आहे. फोन मात्र तुमच्या सेटिंगमधली भाषा, तुम्ही आधी ऐकलेली गाणी आणि देशभरात जास्त वाजलेलं गाणं यांचा अंदाज बांधतो. फोनची भाषा हिंदी असेल आणि घरात हिंदी गाणी जास्त वाजत असतील तर ‘धडक’चं गाणं लागण्याची शक्यता वाढते.

अभंगांचं तर विचारूच नका. एकच अभंग पंडित भीमसेन जोशींनी गायलेला असतो, गावातल्या भजनी मंडळाने गायलेला असतो आणि रिंगटोनसाठी तीस सेकंदांत कापलेलाही असतो. तिन्हींचं नाव एकच. संत जनाबाईंचं गंगाखेड पालमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. तिथल्या माणसाने ‘जनाबाईचे अभंग लाव’ म्हटलं तर अ‍ॅपला जनाबाई या गायिका वाटतात की कवयित्री, यावर पुढचं सगळं अवलंबून. गाण्यांच्या यादीत गायकाचा रकाना हमखास भरलेला असतो, पण रचना कुणाची हा रकाना बरेचदा रिकामा असतो.

मग बोलायचं कसं?

सगळ्यात आधी एकदाच करायच्या दोन गोष्टी. गूगल अ‍ॅपमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून सेटिंग्जमध्ये जा. असिस्टंट असेल तर ‘भाषा’ मराठी करा आणि ‘संगीत’मध्ये आपण वापरतो तेच अ‍ॅप निवडा. हे न केल्यामुळेच अनेकदा जिओसावन असूनही यूट्यूब उघडतं. फोनवर जेमिनी असेल तर गाण्याचं अ‍ॅप त्याला जोडलेलं आहे का, ते त्याच्या सेटिंगमध्ये पाहा. गाण्याच्या अ‍ॅपमध्येही एक वेगळी भाषानिवड असते. जिओसावन आवडीच्या गाण्यांची भाषा विचारतो, तिथे मराठी निवडलेली हवी. स्पॉटिफायचं अ‍ॅपच २०२१ पासून मराठीत मिळतं. पण लक्षात घ्या, त्याने बटणांची नावं मराठी होतात, गाण्यांच्या नावांची लिपी बदलत नाही.

बोलताना नुसतं गाण्याचं नाव पुरत नाही. ‘झिंगाट लाव’ऐवजी ‘सैराट सिनेमातलं झिंगाट लाव’ म्हणा. अभंग असेल तर गायकाचं नाव आधी घ्या: ‘भीमसेन जोशी यांचे अभंग लाव’. गाण्याच्या नावापेक्षा माणसाचं नाव जास्त भरवशाचं असतं, कारण गायकांची नावं मोजकी असतात आणि ती पुन्हापुन्हा तशीच लिहिली जातात. शेतमालाच्या यादीसारखाच हा प्रकार. शेवटी अ‍ॅपचंही नाव जोडता येतं: ‘स्पॉटिफायवर लाव’. एकदा गाणं सुरू झालं की ‘थांब’, ‘पुढचं गाणं’, ‘आवाज कमी कर’ ही छोटी वाक्यं सहसा अडत नाहीत, कारण त्यात शोधायचं काहीच नसतं.

एवढं करूनही सापडलं नाही तर एक आडवाट आहे. अ‍ॅपच्या शोधपट्टीत जा आणि कीबोर्डवरच्या माइकने नाव बोला. मराठी भाषा निवडलेली असेल तर देवनागरीत उमटेल. त्याने काही हाती लागलं नाही तर कीबोर्डची भाषा भारतीय इंग्रजी करून तेच नाव पुन्हा बोला. आता ते रोमनमध्ये उमटेल, म्हणजे यादी ज्या लिपीत आहे त्याच लिपीत. स्पेलिंग विचित्र दिसलं तरी अ‍ॅपचा शोध थोडीफार चूक सांभाळून घेतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मात्र सगळ्यात टिकाऊ उपाय प्लेलिस्टचा. त्यांची पंधरा-वीस आवडती गाणी एकदा बसून शोधा, एका प्लेलिस्टमध्ये टाका आणि तिला दोन्ही भाषांत सारखंच ऐकू येणारं सोपं नाव द्या. ‘घर वन’, ‘आजी टू’, असं काहीही. ‘च’, ‘ळ’, ‘ज्ञ’ टाळा. मग आजीला ‘माझी आजी टू प्लेलिस्ट लाव’ एवढंच म्हणावं लागतं. १० कोटी गाण्यांतून शोधण्याऐवजी फोनला तुमच्या चार-पाच प्लेलिस्टमधून शोधायचं असतं.

फुकट खातं आणि डेटा

पैसे न भरता वापरताना काही मर्यादा आवाजाच्या नसतात, खात्याच्या असतात. यूट्यूब म्युझिकवर फुकट खात्यात स्क्रीन बंद केली की गाणं थांबतं. म्हणजे फोन खिशात टाकून वेचणीला जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. स्मार्ट स्पीकरवर फुकट खात्यात नेमकं मागितलेलं गाणं लागेलच याची हमी नसते, त्याच्याशी मिळतीजुळती गाणी लागतात. अशा वेळी ‘त्याला ऐकूच येत नाही’ असं वाटतं, पण त्याला नीट ऐकू आलेलं असतं.

काही अ‍ॅप तर राहिलीच नाहीत. एअरटेलचं विंक म्युझिक बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला. जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये अजून तेच नाव निवडलेलं असेल तर ते बदला.

डेटाचा हिशोब सोपा आहे. ९६ केबीपीएस दर्जाचं गाणं तासाला सुमारे ४३ एमबी खातं, १६० केबीपीएसचं ७२ एमबी आणि ३२० केबीपीएसचं १४४ एमबी. व्हिडिओ उघडला तर त्याच्या कित्येक पट. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर गाणी दिवसभर ऐकली तरी पुरतात, व्हिडिओ पुरत नाहीत. म्हणून ‘यूट्यूब का उघडलं’ हा प्रश्न चिडचिडीचा नाही, पैशाचा आहे.

आपलं बोलणं आणखी कोण ऐकतं?

जुलै २०१९ मध्ये बेल्जियममधल्या ‘व्हीआरटी’ या प्रसारण संस्थेने गूगल असिस्टंटची एक हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं ऐकली. त्यांतली १५३ मुद्रणं कुणीही ‘ओके गूगल’ म्हटलेलं नसताना झालेली होती. घरातलं खासगी बोलणं त्यात होतं. यंत्राला भाषा शिकवण्यासाठी सुमारे ०.२ टक्के तुकडे माणसं ऐकतात, हे गूगलने तेव्हा मान्य केलं. त्यानंतर आवाज जपून ठेवायचा की नाही, हे वापरणाऱ्याच्या परवानगीवर सोडण्यात आलं. ही परवानगी आपण कधी देऊन बसलोय का, ते गूगल खात्यातल्या ‘माय अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये पाहता येतं आणि जुनी मुद्रणं तिथूनच पुसता येतात.

भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या अनुसूचीत आहे.

‘काय करायलास?’ म्हटलं तर?

परभणीकडे ‘काय करतोयस’ला ‘काय करायलास’ म्हणतात. गाणी ‘गाणे’ होतात. त्यात हिंदी-उर्दूची फोडणी असते, कारण हा भाग दीर्घकाळ हैदराबाद संस्थानात होता. यंत्र ज्या आवाजांवर शिकतं त्यात अशा बोलीचे नमुने जितके कमी, तितकी चूक जास्त. ‘लाव की’ किंवा ‘लाव बरं’मधले ‘की’ आणि ‘बरं’ गाण्याच्या नावाचे तुकडे समजले जाऊ शकतात. म्हणून तूर्तास फोनशी जरा पुस्तकी बोलावं लागतं. ते कृत्रिम वाटतं आणि ते आहेच.

मराठवाड्यातल्या तांड्यांवरच्या गोरमाटीला तर असिस्टंटच्या भाषांच्या यादीत जागाच नाही. गोरमाटी गाणी यूट्यूबवर सापडतात, पण ती मागायची तर मराठीत किंवा हिंदीत.

यावर सामान्य माणसाला करता येण्यासारखं एक काम आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या प्रकल्पात ‘भाषादान’ नावाचा विभाग आहे. त्यातल्या ‘बोलो इंडिया’मध्ये स्क्रीनवर दिसणारं वाक्य वाचून आपला आवाज देता येतो आणि ‘सुनो इंडिया’मध्ये ऐकलेलं वाक्य टाइप करता येतं. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वरही मराठी आहे. तिथे गोळा झालेले आवाज कुणालाही वापरायला खुले असतात आणि दुसऱ्यांनी वाचलेली वाक्यं बरोबर आहेत का, हेही तपासता येतं. वाक्य दिलेलं असतं तेच वाचायचं असतं, पण उच्चार आणि हेल आपलाच ठेवायचा.